एक्सएमएलमध्ये टॅगचा क्रम बदलला तर फाइल चुकीची होते का?

रामबागकर

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, भावाचा पार्ट्सचा धंदा आहे, माल पीथमपूरच्या एका कारखान्यात जातो आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर मी बघतो. मालाची गाडी निघायच्या आधी बिलाची एक्सएमएल फाइल, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाचा टॅग लावलेली, त्यांच्या पोर्टलवर टाकावी लागते. त्यांनी दिवाळीनंतर पोर्टल बदललं आणि आता आमच्या फाइली परत येताहेत. टॅगची नावं इथे समजायला मराठीत लिहितोय, बाकी रचना तीच आहे:

<बिल>
  <बिलनंबर>…</बिलनंबर>
  <गाडीनंबर>…</गाडीनंबर>
  <तारीख>…</तारीख>
  <पार्टीकोड>…</पार्टीकोड>
</बिल>

एरर येते ती अशी की इनव्हॅलिड कन्टेन्ट, एलिमेंट गाडीनंबर, वन ऑफ तारीख इज एक्स्पेक्टेड. म्हणजे तारीख फाइलमध्ये आहे, गाडीनंबर पण आहे, दोन्ही बरोबर भरलेत, फक्त मागेपुढे झालेत. त्यांचा माणूस फोनवर म्हणतो क्रम चुकलाय. आता माझा प्रश्न असा की प्रत्येक गोष्टीला नावाचा टॅग लावलाय तर मशीनने नाव बघून उचलावं ना, मग ती पहिली आली काय की पाचवी आली काय, हा नियम खरंच एक्सएमएलचा आहे की त्यांच्या पोर्टलवाल्याने आपल्या मनाने लावलाय? त्यांच्याशी बोलायच्या आधी मला नीट समजून घ्यायचंय. गाडी गेटवर उभी राहते हो, ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी फोन करतो.

---

पीथमपूरवाला

त्यांनी एक्सएसडी फाइल दिली असेल बघा, डॉट एक्सएसडी नावाची, कुठले टॅग कसे यावेत ते तिच्यात लिहिलेलं असतं. ती नोटपॅडमध्ये उघडा आणि बिलच्या खाली सीक्वेन्स लिहिलंय की ऑल ते बघा. सीक्वेन्स असेल तर तुम्हाला त्याच क्रमाने द्यावं लागेल, वाद घालून उपयोग नाही.

---

रामबागकर

बघितलं. सीक्वेन्स आहे. पण मग हा नियम एक्सएमएलचा की त्यांचा?

---

सुपरकॉरिडॉर

त्यांचा. पण त्यांनी बेकायदा काही केलेलं नाहीये, एक्सएमएलने ती सोय मुद्दाम ठेवलीये. जरा सविस्तर लिहितो कारण इथे दोन-तीन वेगळ्या गोष्टी लोक एकात एक घालतात.

पहिली गोष्ट, नुसतं एक्सएमएल, ज्याचं स्पेसिफिकेशन १० फेब्रुवारी १९९८ ला वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेने काढलं. त्याच्या दृष्टीने तुमची फाइल अगदी बरोबर आहे, टॅग उघडले ते बंद झाले, एकात एक नीट बसले, संपलं. तारीख आधी की गाडी आधी याबद्दल ते काहीच म्हणत नाही. पण याचा अर्थ क्रम टाकून देतात असा नाही. पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्रॅम, जे वाचतो त्यात मुलं, म्हणजे आतले एलिमेंट, ज्या क्रमाने फाइलमध्ये आहेत त्याच क्रमाने ठेवायची असतात. २००१ मध्ये इन्फोसेट नावाचं स्पेसिफिकेशन आलं त्यात हे स्पष्ट लिहिलंय, एलिमेंटची मुलं ही क्रमवार यादी आणि अॅट्रिब्यूट्स, म्हणजे उघडणाऱ्या टॅगच्या आतच लिहिलेल्या नाव-किंमत जोड्या, हा बिनक्रमाचा संच. अॅट्रिब्यूटबद्दल तर एक्सएमएलच्या स्पेसिफिकेशनमध्येच वाक्य आहे की त्यांच्या क्रमाला अर्थ नाही. म्हणजे एकाच टॅगच्या आत तुम्ही आधी कोड मग नाव लिहा की आधी नाव मग कोड, कुणीही त्यावरून तुमची फाइल परत करू शकत नाही, आणि केली तर चूक त्यांची.

दुसरी गोष्ट स्कीमा, म्हणजे ती एक्सएसडी फाइल. ही फाइल देणारा आणि घेणारा ह्या दोन पार्ट्यांमधली लिखापढी. एक्सएसडीमध्ये सीक्वेन्स म्हटलं की ह्याच क्रमाने, ऑल म्हटलं की कुठल्याही क्रमाने, चॉइस म्हटलं की ह्यातलं एक. समोरच्याने सीक्वेन्स लिहिलंय आणि तुम्ही त्या स्कीमाप्रमाणे फाइल देऊ असं मान्य केलंय तर तुमची फाइल एक्सएमएल म्हणून चांगली पण बिल म्हणून नापास.

आणि तिसरी गोष्ट ह्या दोन्हींच्या वरची, ती म्हणजे क्रमाला खरंच काही अर्थ आहे का. बिलाच्या वरच्या भागात तारीख आधी आली की नंतर, अर्थ तोच. पण बिलातल्या मालाच्या ओळी? किंवा एखाद्या लेखातले परिच्छेद? तिथे क्रम म्हणजेच मजकूर आहे. ही तिसरी गोष्ट कुठलाही पार्सर किंवा व्हॅलिडेटर, म्हणजे स्कीमाप्रमाणे फाइल तपासणारा प्रोग्रॅम, तुम्हाला सांगणार नाही, ती माणसाने ठरवायची आणि लिहून ठेवायची असते, आणि नव्वद टक्के भांडणं ती कुणी लिहून ठेवलेली नसते म्हणूनच होतात असं माझं ठाम मत आहे.

---

रामबागकर

सुपरकॉरिडॉर भिया, खूप छान समजावलंत. दोन शंका. आमचा भाचा म्हणतो की जेसनमध्ये, म्हणजे माहिती लिहायच्या त्या दुसऱ्या पद्धतीत, ही कटकट नाही, जीएसटीचं ई-इनव्हॉइस आपण जेसनमध्येच पाठवतो आणि तिथे कधी क्रमावरून नापास झालं नाही. खरंय का?

दुसरी, ही मला जास्त सतावतेय. आमच्या प्रोग्रॅममध्ये आम्ही क्रमाला हातच लावला नव्हता. ई-वे बिल नंबरचा एक टॅग नवीन घातला, बस. तर तो टॅग कुठे यायचा तिथे आला हे ठीक, पण बाकीचे जुने टॅगही इकडचे तिकडे झाले! जुनी फाइल आणि नवी शेजारी ठेवली तर आधी बिलनंबरनंतर पार्टीकोड यायचा, आता गाडीनंबर येतो. कुणी हात न लावता क्रम कसा बदलतो?

---

सुपरकॉरिडॉर

दुसरीपासून घेतो. प्रोग्रॅम जावात आहे का आणि बिलाचे फील्ड हॅशमॅपमध्ये, म्हणजे नावाने माहिती ठेवायच्या जावाच्या साठ्यात, भरून मग लूप लावून टॅग छापले जातात का? आणि नवा टॅग धरून एकूण किती झाले?

---

रामबागकर

हो जावा. हो हॅशमॅप. आधी बारा होते, आता तेरा.

---

सुपरकॉरिडॉर

मग सापडलं. हॅशमॅप क्रमाची हमी देतच नाही. तो आतमध्ये सुरुवातीला १६ खाने ठेवतो आणि पाऊण भरले, म्हणजे १२ नोंदी झाल्या, तोवर तसाच चालतो. तेरावी नोंद पडली की खाने दुप्पट, ३२ होतात, आणि सगळ्या जुन्या नोंदी नव्याने वाटल्या जातात. म्हणून तुमचा एक टॅग वाढला आणि बाकीच्यांच्या जागा बदलल्या. जुनं पोर्टल क्रम तपासत नव्हतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, नवीन तपासतं. हॅशमॅपच्या जागी लिंक्डहॅशमॅप लिहा, तो ज्या क्रमाने भरलं त्याच क्रमाने देतो, आणि भरताना स्कीमाचा क्रम धरा. एवढ्याने आजची गाडी सुटेल.

जेसनचं भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जेसनच्या आरएफसी ८२५९ ह्या नियमावलीत, डिसेंबर २०१७ ची आहे ती, ऑब्जेक्ट म्हणजे नाव-किंमत जोड्यांचा बिनक्रमाचा संग्रह आणि अॅरे म्हणजे क्रमवार यादी, असं आहे. म्हणजे तिथेही दोन्ही प्रकार आहेत, फक्त कंसाच्या आकारावरून कळतं कोणता कुठला, महिरपी कंस असेल तर क्रम नाही, चौकोनी असेल तर आहे. एक्सएमएलमध्ये कंस एकच, त्यामुळे ही माहिती स्कीमामध्ये किंवा माणसांच्या डोक्यात राहते. आणि तुमच्याच ई-इनव्हॉइसमध्ये बघा, मालाच्या यादीत प्रत्येक ओळीला सीरियल नंबरचं वेगळं फील्ड आहे, चौकोनी कंस असूनही.

---

पीथमपूरवाला

एक अजून. फाइल पाठवायच्या आधी आपल्याच मशीनवर त्यांच्या एक्सएसडीने तपासून घ्या. चार ओळींचं काम आहे. त्यांच्या पोर्टलने नापास करण्यापेक्षा आपल्या ऑफिसात नापास झालेली बरी.

---

टिळकनगर_काका

चांगला विषय निघालाय म्हणून लिहितो. मी छपाईच्या बाजूने आलेला माणूस, एसजीएमएल, म्हणजे एक्सएमएलची आधीची पिढी, वापरलेला, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे आणि तो एक्सएमएलच्या आधीपासूनचा आहे.

एसजीएमएल हे १९८६ चं आयएसओ ८८७९ प्रमाण. त्याच्या डीटीडीमध्ये, म्हणजे तेव्हाच्या स्कीमात, तीन जोडचिन्हं होती. स्वल्पविराम म्हणजे ह्याच क्रमाने, उभी रेघ म्हणजे हे किंवा ते, आणि अँड चिन्ह म्हणजे सगळे हवेत पण क्रम कुठलाही. हे तिसरं फार सोयीचं होतं आणि तितकंच पार्सर लिहिणाऱ्यांच्या डोक्याला ताप, कारण पार्सरला सतत लक्षात ठेवावं लागायचं की कोण कोण येऊन गेलं आणि कोण बाकी आहे. एक्सएमएल करताना उद्देशच असा लिहिला होता की त्याच्यावर काम करणारे प्रोग्रॅम लिहायला सोपे असावेत, तेव्हा हे अँड चिन्ह काढून टाकलं. मग एक्सएमएलच्या डीटीडीत तीन टॅग कुठल्याही क्रमाने चालतील असं म्हणायचं तर सगळ्या मांडण्या लिहून काढा, तीनच्या सहा, चारच्या चोवीस. कुणी लिहिणार नाही. लोकांनी सरळ स्वल्पविराम टाकले आणि क्रम सक्तीचा झाला. तुम्हाला आज जिथे जिथे बिनकामाची क्रमाची सक्ती दिसते त्यातली बरीच अशीच आलेली आहे, कुणाला तो क्रम हवा होता म्हणून नाही, तर दुसरं काही लिहिणं अवघड होतं म्हणून.

२००१ मध्ये एक्सएसडी आलं, त्यात ऑल आलं खरं पण हातपाय बांधून. त्याच्या आत प्रत्येक एलिमेंट फार तर एकदा. म्हणजे दोन फोन नंबर असतील तर ऑल वापरता येत नाही. २०१२ च्या १.१ आवृत्तीत ही अट सैल केली, पण आजही कितीतरी ठिकाणी व्हॅलिडेटर १.० चाच आहे, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधला तसाच, लिबएक्सएमएल२ मधला तसाच. म्हणून स्कीमा लिहिणारा मनात असो नसो, सीक्वेन्सच लिहितो.

रिलॅक्स एनजी ह्या दुसऱ्या स्कीमा भाषेत, जेम्स क्लार्क आणि मुराता माकोतो यांनी केलेलं, हे काम फार सुंदर आहे. तिथे अँड चिन्ह परत आलं, इंटरलीव्ह म्हणतात त्याला, आणि कितीही वेळा येणारे टॅगही त्यात चालतात. धंद्याच्या जगात ते रुजलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

पण तरी माझं म्हणणं विचाराल तर ठरलेला क्रम असावा. पंगतीत ताट वाढताना मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, क्रम बदलून चव बदलत नाही पण वाढणाऱ्याचा आणि जेवणाऱ्याचा दोघांचा हात न बघता जागेवर जातो. फाइल माणसालाही वाचावी लागते, विशेषतः रात्री अकराला काहीतरी अडलं असताना.

---

सुपरकॉरिडॉर

काका, लिहिताना ठरलेला क्रम असावा हे शंभर टक्के पटलं. पण वाचताना सक्ती का करावी? नाव बघून उचला, क्रम कुठलाही असू दे. मेवन ह्या जावाचे प्रोग्रॅम बांधायच्या साधनाची पॉम फाइल बघा, तिच्या स्कीमात वरच्या पातळीवर ऑलच आहे, तुम्ही आधी व्हर्जन लिहा की आधी नाव लिहा, बिल्ड होतो. आणि त्याच फाइलमध्ये डिपेन्डन्सीच्या, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींच्या, यादीत मात्र क्रमाला अर्थ आहे, जावा त्या जिथे शोधतो त्या क्लासपाथवर त्यांच्या जार फाइली त्याच क्रमाने लागतात. म्हणजे एकाच फाइलमध्ये दोन्ही, आणि योग्य जागी. वेबसाइटवरच्या नव्या नोंदींची यादी देणाऱ्या ॲटम फीडचं स्पेसिफिकेशन, आरएफसी ४२८७, डिसेंबर २००५, तिथे तर सरळ लिहून टाकलंय की फीडच्या आतल्या मुलांच्या क्रमाला हे स्पेसिफिकेशन काही अर्थ देत नाही, एन्ट्री कुठल्या क्रमाने आल्या त्यालाही नाही, ताजी कुठली ते तारखेवरून ठरवा. एक वाक्य, पण त्याने किती भांडणं वाचली असतील!

---

पीथमपूरवाला

सैल वाचण्याचा अनुभव मलाही आहे आणि म्हणूनच मी सक्तीच्या बाजूने आहे. आमच्याकडे एक सर्व्हिस डॉटनेटमध्ये होती, एक्सएमएल वाचणारा-लिहिणारा डेटाकॉन्ट्रॅक्टसिरियलायझर वापरणारी. तो वाचताना टॅग नावाच्या अक्षरक्रमाने येतील असं धरून चालतो, तुम्ही वेगळा क्रम ठरवून दिला नसेल तर. आणि एखादा टॅग त्याच्या जागेच्या मागेपुढे आला तर एरर देत नाही! गुपचूप सोडून देतो. फील्ड रिकामं राहतं. समोरून फाइल येते, त्यात क्वांटिटी लिहिलेली डोळ्यांनी दिसते, आपल्या टेबलात शून्य. सगळं हिरवं, कुठेच लाल नाही, आणि महिनाअखेरीला स्टॉक जुळत नाही तेव्हा कळतं. रामबागकरांना जी एरर आली ती चांगली एरर आहे, कुठला टॅग नको आणि कुठला हवा दोन्ही सांगते. मला अशी बोंब मारणारी सक्ती हजारदा चालेल, गप्प बसणारी नको.

---

सुपरकॉरिडॉर

हे मान्य. गप्प सक्ती ही सगळ्यात वाईट, यात दुमत नाही.

---

अक्षरजुळणी

मी सगळं वाचतेय आणि मला फार उपयोगाचं आहे हे, पण माझी बाजू बिलाची नाही, पुस्तकांची आहे. आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका आणि भजनांच्या वह्या आम्ही दोघी-तिघी मिळून टाइप करतोय, ई-बुक पण करायचंय आणि एक्सएमएल म्हणून नीट जपूनही ठेवायचंय. तिथे क्रम हा प्रश्न रोज येतो आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं आहे.

ई-पबचं, म्हणजे ई-बुकच्या फाइलचं, बघा. त्याच्या पॅकेज फाइलमध्ये एक मॅनिफेस्ट असतो, पुस्तकातल्या सगळ्या फाइली, चित्रं, फॉन्ट यांची यादी, तिथे कोण आधी कोण नंतर याने काहीच होत नाही. त्याच्या खाली स्पाइन असतो, तिथे लिहिलेल्या क्रमानेच वाचकाला पानं उलटतात. तेच धडे, दोन याद्या, एकीत क्रमाला शून्य किंमत आणि दुसरीत क्रम सोडून दुसरं काहीच नाही! आणि गंमत म्हणजे मेटाडेटा, मॅनिफेस्ट, स्पाइन हे तीन मात्र ह्याच क्रमाने यावे लागतात. एवढंच नाही तर झिपमध्ये माइमटाइप नावाची फाइल पहिलीच असावी लागते, न दाबलेली. आमच्या एका मुलीने फोल्डर साध्या झिपने दाबून पाठवलं होतं आणि तपासणीत नापास झालं ते त्यामुळेच.

स्मरणिकेतली सभासदांची यादी आम्ही एक्सेलमध्ये पण काढतो, प्रोग्रॅमने. तिथे अनुभव असा की एक्सेलची शीट म्हणजे आतून एक्सएमएलच, आणि तिथला क्रम अगदी कडक. कॉलमची रुंदी शीटडेटाच्या, म्हणजे सेलमधल्या मजकुराच्या, आधी, जोडलेले सेल शीटडेटाच्या नंतर. उलटं केलं की एक्सेल म्हणतो फाइलमध्ये गडबड आहे, दुरुस्त करू का. नेमकं काय चुकलं ते सांगत नाही.

आता माझा खरा प्रश्न. भजनाची कडवी मी अशी लिहितेय:

<भजन>
  <धृपद>…</धृपद>
  <कडवे>…</कडवे>
  <कडवे>…</कडवे>
</भजन>

आमच्यातल्या एकीचं म्हणणं की क्रमावर विसंबू नका, प्रत्येक कडव्याला क्रमांक द्या, उद्या कुठल्या सॉफ्टवेअरने मागेपुढे केलं तर परत लावता येईल. दुसरीचं म्हणणं की क्रमांक घातला की उद्या मध्ये एक कडवं सापडलं तर सगळे बदलत बसा. काय करावं?

---

मांडवी_बडोदा

अक्षरजुळणीताई, बडोद्याहून लिहितेय, सीए आहे, त्यामुळे उदाहरण आमच्याकडचं देते. कंपन्यांचे ताळेबंद एमसीएकडे, म्हणजे कंपनी मंत्रालयाकडे, एक्सबीआरएल ह्या एक्सएमएलच्या प्रकारात भरतात, २०११ पासून सुरू झालं ते. त्या फाइलमध्ये प्रत्येक आकडा हा सुटा असतो, हा आकडा कशाचा, कुठल्या कंपनीचा, कुठल्या तारखेचा, हे त्याला चिकटलेलं असतं. नफा वर लिहा की खाली, अर्थ तोच. मग ताळेबंद ताळेबंदासारखा कसा दिसतो? तर मांडणीची वेगळी फाइल असते, प्रेझेंटेशन लिंकबेस, त्यात कोण कोणाखाली आणि कितव्या जागी ते ऑर्डर नावाच्या अॅट्रिब्यूटमध्ये आकड्याने लिहितात. तिथे फाइलमधल्या जागेवर भरवसा न ठेवता आकडा लिहिला हे मला फार पटतं. आणि तो आकडा दशांशातही चालतो, म्हणजे १ आणि २ च्या मध्ये काही घालायचं तर १.५ लिहा, बाकीचे हलवायला नको.

उलट बँकेकडे बघा. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस ऑक्टोबर २०१३ पासून आयएसओ २००२२ ह्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या संदेशांवर आहे, ते एक्सएमएल आणि स्कीमा सगळा सीक्वेन्सचा. तिथे कुणी क्रमात सवलत मागत नाही.

---

टिळकनगर_काका

अक्षरजुळणीताईंच्या प्रश्नावर माझं मत वेगळं आहे, म्हणून लिहितो.

आकडा आणि क्रम ह्या दोन वेगळ्या गोष्टी समजा. फाइलमध्ये कडवी ज्या क्रमाने आहेत तोच त्यांचा क्रम, पार्सर तो जपतो, ही एक्सएमएलची हमी आहे, वर सुपरकॉरिडॉरने सांगितलंच. त्याच्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. क्रमही ठेवला आणि क्रम सांगणारा आकडाही ठेवला तर एक दिवस दोघांचं पटणार नाही, पाचवं कडवं फाइलमध्ये चौथ्या जागी असेल, आणि मग खरं कोण? ते ठरवायला तुम्ही नसाल.

पण वहीत छापलेला किंवा हाताने लिहिलेला क्रमांक असेल तर तो जरूर ठेवा, वहीत जसा आहे तसा. जुन्या वह्यांमध्ये सात आकडा दोनदा येतो, नऊ गळतो, कुणीतरी पेन्सिलने मध्ये घातलेलं असतं. तो क्रमांक म्हणजे त्या वहीबद्दलची माहिती आहे, तुमच्या फाइलची जागा नाही. जुने ग्रंथ टीईआयच्या पद्धतीने टाइप करणारी मंडळी हेच करतात, एन नावाचं अॅट्रिब्यूट असतं, त्यात आकडा किंवा काहीही खूण लिहायची, आणि तिथे स्पष्ट म्हटलंय की तो एकमेव असायलाच हवा असं नाही. क्रम मात्र मजकुराचा मजकुरातच.

मांडवीताईंच्या ताळेबंदाला आकडा हवा कारण तिथे मुळात क्रम नाहीये, मांडणी बाहेरून लावायची आहे. भजनात क्रम आतलाच आहे. आणि धृपद पहिलं की कडव्यांच्या मध्येही येतं ते एकदा नीट बघा, काही भजनांत सुरुवातच कडव्याने होते. स्कीमात धृपद आधीच हवं अशी सक्ती केलीत तर टाइप करणारी मुलगी ते उचलून वर नेईल, फाइल पास होईल आणि भजन बिघडेल.

---

अक्षरजुळणी

हे शेवटचं अगदी खरं काका, दोन भजनं तशी आहेतच, धृपद दुसऱ्या ओळीनंतर येतं. त्या वहीचं पान समोर घेऊनच बघते परत.

---

छत्रीबागची

वेबपेजबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, कारण तिथे क्रम चुकला तर फाइल नापास होत नाही, माणूस अडतो. माझी आत्या बघू शकत नाही, फोनवर स्क्रीन रीडरने सगळं वाचते, लोकमान्य नगरात राहते, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांना आवर्जून जाते. एका मंडळाच्या वेबसाइटवर कार्यक्रमाची पाटी छान दिसत होती, वर मोठी तारीख आणि वेळ, खाली कार्यक्रमाचं नाव, खाली कलाकार. पण पानाच्या मूळ एचटीएमएलमध्ये तारीख सगळ्यात शेवटी लिहिलेली आणि पानाचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएसच्या ऑर्डरने ती दिसायला वर आणलेली. सीएसएसची ऑर्डर फक्त डोळ्यांसाठी असते, स्क्रीन रीडर आणि टॅबचं बटण मूळ एचटीएमएलच्या क्रमाने जातात. त्यात पाट्या एकाखाली एक, त्यामुळे तिला ऐकू येताना पहिल्या कार्यक्रमाची तारीख दुसऱ्या कार्यक्रमाच्या नावाला अगदी चिकटून यायची. ती शास्त्रीय गायनाला जायची म्हणून एक दिवस आधी तयार होऊन बसली.

वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नियमांत यासाठी वेगळा निकष आहे, १.३.२, अर्थपूर्ण क्रम. म्हणजे मजकूर ज्या क्रमाने वाचल्यावर अर्थ लागतो तो क्रम कोडमध्येच असला पाहिजे, दिसण्यावर सोडायचा नाही. वेबसाइट करणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की सीएसएस बंद करून एकदा पान वरून खाली वाचून बघा.

ब्राउझर बाकी बाबतीत फार सांभाळून घेतो हेही खरं. टेबलचं कॅप्शन टेबलात पहिलंच हवं असा नियम, पण शेवटी लिहिलंत तरी तो दाखवतो. त्यामुळे क्रम बिनमहत्त्वाचा असं लोकांना वाटायला लागतं. पिक्चर टॅगच्या आतले सोर्स मात्र वरून खाली बघत जातो आणि पहिलं जमलेलं उचलतो, तिथे उलटं लिहिलं तर मोबाइलवर भलं मोठं चित्र उतरतं. एसव्हीजी चित्रांमध्ये पण तसंच, नंतर लिहिलेला आकार आधीच्याच्या वर रंगतो.

---

सुपरकॉरिडॉर

छत्रीबागची, फार महत्त्वाचं लिहिलंत. मी फ्रंटएंडवाल्या मुलांना हे दाखवतो.

---

रामबागकर

सगळ्यांचे आभार, लिंक्डहॅशमॅप केला, स्कीमाने इथेच तपासणी लावली, फाइल पास झाली. गाड्या सुटताहेत.

आता पुढची गोष्ट विचारून घेतो. कारखानेवाले म्हणताहेत पुढच्या तिमाहीपासून फाइलवर डिजिटल सही हवी. माझ्या डोक्यात होतं की आमचा प्रोग्रॅम आहे तसा राहू दे आणि मध्ये एक छोटं एक्सएसएलटी, एक्सएमएलची मांडणी बदलणारं, ठेवू जे त्यांच्या क्रमाने टॅग लावून देईल, म्हणजे त्यांनी परत क्रम बदलला तर फक्त ते बदलायचं. सही आणि हे दोन्ही एकत्र चालेल का?

---

सुपरकॉरिडॉर

चालेल, पण आधी एक्सएसएलटी आणि मग सही. उलटं केलंत तर सही तुटेल.

कारण असं की एक्सएमएलवर सही करायच्या आधी त्याला एका ठरलेल्या रूपात आणतात, कॅनॉनिकल एक्सएमएल, २००१ चं. त्यात अॅट्रिब्यूट ठरलेल्या नियमाने लावून घेतात, अवतरणचिन्हं एकसारखी करतात, रिकामा टॅग उघडून-बंद करून लिहितात, म्हणजे ज्या गोष्टींना अर्थ नाही त्यांच्यामुळे सही तुटू नये. पण एलिमेंटच्या क्रमाला ते हात लावत नाही. कारण कॅनॉनिकल करणाऱ्या प्रोग्रॅमला कळणारच नाही की हे बिल आहे की भजन आहे. तो क्रमाला अर्थ आहे असंच धरतो. त्यामुळे सही झाल्यावर दोन टॅग मागेपुढे झाले, आतला मजकूर अक्षरशः तोच असला तरी, सही खोटी ठरते. आधारची जी ऑफलाइन केवायसीची एक्सएमएल मिळते ती अशीच सही केलेली असते, ती उघडून टॅग हलवून परत सेव्ह करून बघा, व्हेरिफाय होणार नाही. दोन टॅगमधली मोकळी जागा आणि ओळी पण यात धरल्या जातात, म्हणून सहीनंतर कुणी फाइल सुंदर दिसावी म्हणून नीटनेटकी करून सेव्ह केली तरी तेच.

ई-इनव्हॉइसमध्ये ही भानगड नाही कारण तिथे सरकारकडून सही होऊन जे परत येतं ते जेडब्ल्यूटी असतं, मजकुराचे बाइट जसेच्या तसे एन्कोड करून त्यावर सही, आतला क्रम उलगडायचा प्रश्नच येत नाही.

---

पीथमपूरवाला

आणि मध्ये कुठलं गेटवे सॉफ्टवेअर असेल तर विचारून घ्या ते फाइल उघडून परत लिहितं का. आमच्याकडे सह्या तुटायच्या त्या तिथेच.

---

रामबागकर

हे विचारतोच. त्यांच्या आयटीवाल्याला एक मेल टाकतो की स्कीमाच्या वरच्या भागात कुठल्या क्रमाला खरंच अर्थ आहे ते लिहून द्या, मालाच्या ओळींबद्दल तर नक्कीच, कारण ते आमच्या ओळ तीनला शॉर्टेज लावतात तेव्हा ती फाइलमधली तिसरी की त्यांच्या स्क्रीनवरची तिसरी हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

---

मांडवी_बडोदा

ओळीला स्वतःचा नंबर द्या हो तिथे, पैशाचा मामला आहे. काका रागावणार नाहीत.

---

टिळकनगर_काका

अजिबात नाही. बिलाच्या ओळीचा नंबर हे तिचं नाव आहे, दोन पार्ट्या त्या नावाने बोलणार आहेत, तो हवाच. फक्त एकदा दिलेला बदलू नका, मधली ओळ रद्द झाली तर तो नंबर रिकामा राहू द्या.

---

अक्षरजुळणी

आमचं ठरलं, लिहून ठेवते म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. भजनाच्या वरची माहिती, वही कुणाची, कुठल्या वर्षीची, कुणी टाइप केलं, ही ठरलेल्या क्रमाने, स्कीमात सीक्वेन्स, कारण आम्ही तिघीही तीच टाइप करणार आणि डोळ्यांना सवय लागते. खाली भजनात धृपद आणि कडवे कितीही वेळा, कुठल्याही क्रमाने, वहीत असेल तसे, स्कीमात चॉइस आणि पुनःपुन्हा. वहीतला क्रमांक असेल तर अॅट्रिब्यूटमध्ये जसाच्या तसा, नसेल तर काही नाही. आणि स्कीमाच्या सुरुवातीला कमेंटमध्ये मराठीत लिहिलंय की भजनातला क्रम हा मूळ वहीचा क्रम आहे, कुणीही लावून घेऊ नये.

सभासद यादीत मात्र क्रमाला अर्थ नाही असं लिहिलंय, आडनावाने लावा की नावाने लावा. एक पान अडलंय, तिथे पेन्सिलने समासात लिहिलेलं कडवं आहे आणि बाण दोन जागी जातो. फोटो टाकते उद्या, काका बघा जमलं तर.

---

टिळकनगर_काका

टाका. दोन्ही जागा नोंदवायची पद्धत आहे, फोटो बघून सांगतो.